घरी बनवलेला कॅल्शियम रिॲक्टर: बेसमेंटमधली खटपट (लांबलचक आहे)

खारंपाणी, न्यू जर्सी

मंडळी, मागे माझ्या खाऱ्या पाण्याच्या, कोरलच्या (प्रवाळांच्या) टाकीचे फोटो टाकले होते तेव्हा तिघाचौघांनी विचारलं होतं की त्या कोपऱ्यात पारदर्शक नळकांडं उभं आहे ते काय, आणि मी "सांगतो सांगतो" करत आठ महिने टाळलं. आज बाहेर दीड फूट बर्फ, गाडी निघत नाही, पोरांची शाळा बंद, म्हणून बसलो एकदाचा लिहायला. चहा घेऊन बसा.

ते नळकांडं म्हणजे कॅल्शियम रिॲक्टर, चुनखडी विरघळवून कोरलला लागणारा माल पाण्यात पुरवणारं यंत्र. आधी त्याची गरज का पडली ते. टाकी १२० गॅलनची, खाली संप (टाकीखालची जोडटाकी), दगड वजा जाता पाणी साधारण ५०० लिटर. सुरुवातीला नुसते मऊ कोरल होते तेव्हा महिन्याला पाणी बदललं की भागायचं. मग ॲक्रोपोरा आणि माँटिपोरा या कडक कोरलचे तुकडे आणले (सगळे इथल्याच हौशी लोकांनी टाकीत वाढवलेले, कोणी शेअर केले कोणी विकले), ते दोन वर्षांत असे फोफावले की अल्कलिनिटी (पाण्यातल्या बायकार्बोनेटचं प्रमाण) रोज २ डीकेएच उतरायला लागली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, डीकेएच हे अल्कलिनिटी मोजायचं जर्मन माप, समुद्रात ते ७ च्या आसपास असतं, आपण टाकीत ८-९ ठेवतो. कोरल आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बनवतं, म्हणजे चुनखडीच, आणि त्यासाठी पाण्यातून कॅल्शियम आणि बायकार्बोनेट दोन्ही उचलतं, ठरलेल्या प्रमाणात, २.८ डीकेएच मागे २० पीपीएम कॅल्शियम.

आता ५०० लिटरला २ डीकेएच म्हणजे हिशोब केला तर रोज ३० ग्रॅम खायचा सोडा आणि २६ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड, वेगवेगळं विरघळवून वेगवेगळ्या वेळी घालायचं. करत होतो की. दीड वर्ष केलं. पण डिसेंबरात तीन आठवडे कल्याणला गेलो आणि शेजारच्या पोराला सगळं लिहून, बाटल्यांना लाल-निळ्या चिकटपट्ट्या लावून दिलं होतं तरी त्याने एका संध्याकाळी दोन्ही बाटल्या एकामागोमाग एकाच जागी ओतल्या. संपमध्ये दूध झालं. फोटो पाठवला मला व्हॉट्सॲपवर, "इज धिस नॉर्मल?" म्हणून. तिकडे हळदीचा कार्यक्रम चालू आणि मी जिन्यात उभा राहून त्याला स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) कसा काढायचा ते सांगतोय.

परत आल्यावर ठरवलं, रिॲक्टर.

तत्त्व सोपं आहे, गोटी सोडा आठवा. सोड्यात काय असतं, पाण्यात दाबून भरलेला कार्बन डायऑक्साइड, म्हणून तो आंबट. असं आंबट पाणी चुनखडीवरून फिरवलं की चुनखडी विरघळते आणि कॅल्शियम आणि बायकार्बोनेट दोन्ही पाण्यात येतात, तेही ज्या प्रमाणात कोरलला लागतं त्याच प्रमाणात, कारण आपण मुळात मेलेल्या कोरलचाच सांगाडा विरघळवतोय! चुनखडीच्या गुहा अशाच होतात, फक्त तिथे लाखो वर्षं लागतात आणि इथे सिलिंडर आहे.

तर बांधणी. बाजारात तयार मिळतात, पण चांगल्याची किंमत बघून बायकोने नुसती भुवई वर केली, त्यामुळे तो विषय तिथेच संपला. मी ४ इंच व्यासाची, २० इंच उंचीची ॲक्रिलिकची नळी घेतली, प्लास्टिकवाल्याकडे तुकड्यांच्या ढिगात स्वस्तात मिळाली. खाली चौकोनी ॲक्रिलिकची पाटी, वर फ्लँज, त्यात ओ-रिंग आणि आठ नायलॉनचे स्क्रू. ॲक्रिलिक चिकटवायचं सॉल्व्हंट पाण्यासारखं पातळ असतं, ते लावायचं नसतं, सुईच्या बाटलीने सांध्याशी थेंब सोडायचा आणि ते आपणच फटीत ओढलं जातं, बघायला मजा येते, पांढरट रेघ सरकत सरकत काचेसारखी साफ होत जाते. जिथे बुडबुडा राहिला तिथे गळणार हे नक्की. माझी नळी करवतीने कापलेली होती, तोंड सपाट नव्हतं, म्हणून काचेवर पॉलिश पेपर चिकटवून त्यावर आठ-आठ आकडा काढत घासली, एक अख्खी संध्याकाळ. पहिल्या वेळी हे केलं नव्हतं त्यामुळे पहिलं नळकांडं कचऱ्यात गेलं.

झाकणाला आणि बुडाला भोकं पाडून आटे पाडले, त्यात पाव इंची पुश-फिट कनेक्टर, आरओला असतात तेच. आटे पाडताना ड्रिल मशीन वापरू नका, हाताने, अर्धा फेरा पुढे पाव फेरा मागे, नाहीतर ॲक्रिलिकला केसाएवढी चीर जाते आणि ती महिन्याभराने कळते. टेफ्लॉन टेप लावून हातानेच कसायचं, पाना दूर ठेवा.

एक छोटा पंप बाहेरून जोडलाय, तो पाणी बुडातून आत ढकलतो आणि वरून परत खेचतो, गोल गोल चालू. खालून वर एवढ्यासाठी की मीडिया दबून बसत नाही. गॅस, म्हणजे कार्बन डायऑक्साइड (सीओटू), पंपाच्या खेचणाऱ्या बाजूला सोडायचा म्हणजे पंखा बुडबुड्याचा भुगा करतो. मीडिया म्हणजे आत भरायची चुनखडी, जाड दाण्याचा ॲरागोनाइट, बोराएवढे तुकडे, बारीक घेतला तर चिखल होतो. वर मूठभर डोलोमाइट, मॅग्नेशियमसाठी. मग पाणी भरून २४ तास वर्तमानपत्रावर उभं ठेवलं, गळलं की कागद सांगतो.

इथपर्यंतचा खर्च १०० डॉलरच्या आत. आणि आता ज्यासाठी हा धागा लिहितोय ती गोष्ट. नळकांड्यात पैसे वाचवा, पंपात वाचवा, हवं तर आरओच्या पारदर्शक हाउसिंगमध्ये बनवा, पण गॅसच्या रेग्युलेटरमध्ये वाचवू नका. मी वाचवले होते.

सिलिंडर ५ पौंडाचा, वेल्डिंगचा गॅस भरून देणाऱ्या दुकानातून. त्यावर रेग्युलेटर, मग सोलेनॉइड वाल्व्ह (विजेवर उघड-बंद होणारा), मग नीडल वाल्व्ह (गॅस बारीक सोडणारा), मग बबल काउंटर, मग एनआरव्ही म्हणजे पाणी उलटं येऊन रेग्युलेटरमध्ये शिरू नये म्हणून, मग रिॲक्टर. माझा पहिला रेग्युलेटर ऑनलाइन घेतलेला स्वस्तातला, सिंगल स्टेज, म्हणजे दाब एकाच टप्प्यात उतरवणारा. सोलेनॉइड टायमरवर लावला होता, पीएच कंट्रोलर (पीएच फार उतरला की गॅस बंद करणारा) घेतला नव्हता, म्हटलं कशाला उगाच. पाच महिने झकास चाललं. सिलिंडरमध्ये द्रवरूप सीओटू असतो तोवर आतला दाब जवळपास तेवढाच राहतो, द्रव संपला की मग दाब धाडकन उतरायला लागतो, आणि सिंगल स्टेज रेग्युलेटरमध्ये आतला दाब उतरला की बाहेरचा दाब वाढतो. उलटं वाटतं पण तसंच आहे. मिनिटाला ३० बुडबुडे लावलेले, सकाळी उतरलो तर बबल काउंटरमध्ये बुडबुडे मोजताच येईनात, नुसती धार. टाकीचा पीएच रात्रीत ८.१ चा ७.२. मासे सगळे वर, तोंडं पाण्याबाहेर काढून. गॅस बंद, बेसमेंटच्या खिडक्या उघडल्या बाहेर उणे चार असताना, हाताला येतील ते एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारे दगड) टाकले. एक रास जातीचा मासा आणि एक जुनी गोगलगाय गेली, कोरल आठवडाभर मिटून बसले मग आले. ती रास माझ्या मुलीची लाडकी होती, नाव पण ठेवलं होतं. असो.

आता डबल स्टेज रेग्युलेटर आहे, लॅबमधून निघालेला जुना, १८० डॉलर. आणि सिलिंडर वजनकाट्यावर उभा आहे, कारण वर सांगितलं त्यामुळेच गेजवरून किती उरलाय ते कळत नाही, वजनानेच कळतं.

चालू कसा करायचा ते खाली प्रतिसादात लिहितो, पोरं स्नोमॅनला गाजर मागतायत.

सोडाबाटली, पुणे

वा वा वा. वाचतोय. मी प्लांटेडवाला, म्हणजे टाकीत पाणवनस्पती वाढवणारा, माझ्याकडे सीओटू सिलिंडर आहे पण झाडांसाठी, तुम्ही तोच गॅस चुनखडी खायला वापरताय हे भारी आहे. एक भर घालतो, आपल्याकडे उन्हाळ्यात वेगळी गंमत होते. सीओटू ३१ अंशाच्या वर द्रव म्हणून राहतच नाही, मग मे महिन्यात बाल्कनीत ठेवलेल्या सिलिंडरचा काटा असा वर चढतो की पहिल्यांदा बघून मी गॅसवाल्याला फोन केला होता. तो म्हणाला सावलीत ठेवा आणि गप बसा. सिलिंडरवर जेवढं वजन ठोकलंय तेवढंच भरायचं, "थोडा जास्त टाकतो साहेब" म्हणाला तर नको म्हणायचं. आणि हायड्रो टेस्टची (सिलिंडरच्या दाबाच्या चाचणीची) तारीख बघून घ्या, भाड्याच्या सिलिंडरवर लोक बघतच नाहीत.

प्रश्न: ट्यूब कुठली वापरली? माझी सिलिकॉनची आहे.

खारंपाणी

सिलिकॉन आजच्या आज काढा. सिलिकॉनमधून सीओटू चक्क पाझरतो, भोक नसताना. पॉलियुरेथेनची घ्या. बबल काउंटरमध्ये पाणी असेल तर त्याऐवजी ग्लिसरीन भरा, उडून जात नाही आणि बुडबुडा सावकाश चढतो, मोजायला बरा.

गळती शोधायची तर भांड्याचा साबण पाण्यात कालवून ब्रशने प्रत्येक सांध्याला लावायचा. माझी एक गळती अशी होती की दिवसा काही कळायचं नाही, रात्री भट्टी (घर गरम करणारी) आणि फ्रीज दोन्ही बंद असले की स्सस्स असा बारीक आवाज, कान लावला की थांबल्यासारखा वाटायचा. शेवटी सिलिंडर आणि रेग्युलेटरमधला नायलॉनचा वायसर निघाला, दुसऱ्यांदा वापरलेला. दर वेळी नवीन टाकायचा असतो तो, काही सेंटचा माल, आणि त्यापायी अर्धा सिलिंडर हवेत.

हवेत म्हणजे बेसमेंटच्या हवेत, हे पण ध्यानात ठेवा. ५ पौंड म्हणजे सव्वादोन किलो, वायू झाला की साधारण सव्वा घनमीटर. मोठ्या खोलीत काही नाही, पण कोणी जिन्याखालच्या कपाटात सिलिंडर ठेवत असेल तर तिथली पाव हवा सीओटू होईल, माणूस दार उघडून वाकला की आडवा. वास येत नाही त्याला.

उंटावरचा शहाणा

एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा दोन डोसिंग पंप (बाटलीतलं द्रावण आपोआप सोडणारे) लावले असते तर शेजारच्या पोराचाही प्रश्न सुटला असता. उगाच सायन्स प्रोजेक्ट.

खारंपाणी

बरोबर आहे तुमचं, अर्ध्याअधिक लोकांनी तेच करावं. रोजचा खप ०.५ डीकेएच असेल तर रिॲक्टर बनवूच नका. त्याहून सोपं म्हणजे चुन्याची निवळी. हो, तीच, आजी खाण्याच्या चुन्याची काढायची ती. या छंदात तिला जर्मन नावाने काल्कवासर म्हणतात आणि डबा विकतात, पण आहे निवळीच. बाष्पीभवनाने उडतं तेवढं पाणी निवळीने भरायचं, हळूहळू, ठिबकत, कारण तिचा पीएच १२ च्या वर असतो. माझ्याकडे रोज ५ लिटर पाणी उडतं, आणि चुना पुरता विरलेली निवळी ९ लिटर लागली असती, म्हणून एकट्या निवळीवर भागत नाही. दोन बाटल्यांच्या पद्धतीत मीठ मागे राहतं, खारटपणा चढत जातो, पाणी बदलत राहावं लागतं. खप मोठा असला की रिॲक्टर परवडतो, वर्षाला साडेसहा किलो मीडिया आणि दोन-तीन वेळा गॅस, बस.

आणि हो, सायन्स प्रोजेक्टच आहे :)

मालवणी_बांगडो

मस्त लिवलास हां. माका एक सांग, तो ॲरागोनाइट कित्याक इकत घेवचो? आमच्याकडे तिसऱ्यांच्या शिंपांचो ढीग पडलेलो असता परसात, बारा महिने. चुनोच तो. तेच भरले तर?

निवळी, नाशिक

(हे नाव या धाग्यासाठी घेतलेलं नाही, आधीपासूनच आहे, हसू नका.)

बांगडोभाऊ, प्रश्न चांगला आहे. कॅल्शियम कार्बोनेट मुख्यतः दोन रूपांत येतं, कॅल्साइट आणि ॲरागोनाइट, दोन्हीत ॲरागोनाइट लवकर विरघळतं. कालवांची शिंप मुख्यतः कॅल्साइट, तिसऱ्यांची मात्र ॲरागोनाइट, म्हणजे तुमच्या परसात योग्य तोच माल आहे. पण शिंपेच्या थरांमध्ये प्रथिनं असतात, वर मांसाचे अवशेष, शिंप विरघळली की ते सगळं पाण्यात, आणि त्यात फॉस्फेट किती हे तपासल्याशिवाय कोरलच्या टाकीला जोडू नये. शिवाय शिंपा चपट्या, एकावर एक बशांसारख्या बसतात, मधून पाणी फिरत नाही.

धागाकर्ते, तुमच्या लिखाणात एक गोष्ट राहिली, ती काढते. गॅस नुसता ॲसिड बनून चुनखडी "खात" नाही, बायकार्बोनेटमधला निम्मा कार्बन गॅसचाच असतो. एक रेणू चुनखडी, एक रेणू गॅस, एक पाणी, मिळून दोन बायकार्बोनेट. तुमचा खप रोज १८ ग्रॅम चुनखडीचा आहे, म्हणजे गॅस रोज ८ ग्रॅम पुरायला हवा. सव्वादोन किलोचा सिलिंडर नऊ महिने जायला हवा होता आणि तुमचा पाच महिन्यांत संपला. मग उरलेला गॅस गेला कुठे? थोडा त्या वायसरमधून, पण बराचसा न वापरलेला तसाच टाकीत गेला. तुमच्या टाकीचा पीएच रिॲक्टरनंतर उतरला असणार. उतरला ना?

खारंपाणी

ताई, दंडवत. उतरला. आधी ८.३ असायचा, रिॲक्टर लावल्यापासून दिवसा ८.१ आणि पहाटे ७.८. मी समजत होतो हिवाळ्यात खिडक्या बंद म्हणून.

निवळी

खिडक्याही असतील. पण दुसरं नळकांडं जोडा. पहिल्यातून निघणारं पाणी अजून आंबट असतं, ते दुसऱ्या मीडियावरून न्यायचं, गॅस न सोडता. तिथे उरलेला गॅस चुनखडीत खर्च होतो आणि पाणी जरा सौम्य होऊन बाहेर पडतं. तुम्ही म्हणालात ना आरओचं हाउसिंग चालतं, तेच लावा. आणि टाकीचं उडालेलं पाणी निवळीने भरा, तिला सीओटूच हवा असतो, दोघांचं जमतं.

टेक्ससकर, ह्यूस्टन

आमच्याकडे पण एक आहे, १८० गॅलनवर, तीन वर्षं. पीएच कंट्रोलर नसणं हा शुद्ध वेडेपणा, रागवू नका. कंट्रोलर असता तर ७.२ झालंच नसतं, रिॲक्टरमध्ये ६.५ ला सोलेनॉइड बंद झाला असता.

खारंपाणी

रागवत नाही, आता आहे माझ्याकडे. फक्त त्याला मालक करू नका, वॉचमन करा. गॅस नीडल वाल्व्हनेच असा लावायचा की रिॲक्टर आपणहून ६.६ ला राहील, कंट्रोलर ६.४ ला लावून ठेवायचा, म्हणजे काही बिघडलं तरच तो मध्ये पडेल. कंट्रोलरवरच सगळं सोडलं तर प्रोब (पीएच मोजणारी कांडी) जरा सरकला की सगळंच सरकतं. आणि प्रोब कॅलिब्रेट करताना लोक सवयीने ७ आणि १० ची बफर (ठरलेल्या पीएचची द्रावणं) वापरतात, टाकीच्या प्रोबसाठी ते ठीक, रिॲक्टरमध्ये आपण ७ च्या खाली आहोत, ७ आणि ४ घ्या.

६.३ च्या खाली माझं एकदा गेलं होतं. मीडियाचे दाणे वरून मऊ होऊन एकमेकांना धरतात आणि पाणी एकाच वाटेने जायला लागतं. झाकण उघडलं तर गार झालेल्या साबुदाण्याच्या खिचडीसारखा गोळा, चमचा उभा राहील असा. अर्धा फेकावा लागला.

आता चालू करायची रीत, कबूल केली होती ती. आधी मीडिया धुवून भरायचा आणि गॅसशिवाय पंप चालवून पहिलं बादलीभर पाणी गाळासकट फेकून द्यायचं. टाकीची अल्कलिनिटी आधी सोड्याने हव्या त्या आकड्यावर आणून ठेवायची, रिॲक्टर आकडा टिकवायला आहे, चढवायला नाही. मग दोन सेकंदाला एक बुडबुडा आणि २४ तास हात लावायचा नाही. हे सगळ्यात अवघड आहे. दुसऱ्या दिवशी रिॲक्टरमधून निघणाऱ्या पाण्याचं डीकेएच मोजायचं, माझं २५ येतं. टाकी ८, म्हणजे दर लिटरमागे १७ ची कमाई. मला रोज हवेत ५०० गुणिले २ म्हणजे १०००. भागा १७ ने, ५९ लिटर रोज, मिनिटाला ४१ मिली. मोजपात्र आणि मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन खाली बसायचो, वरून "जेवायला येताय का पाणीच मोजताय" चालू.

एका वेळी एकच कॉक फिरवा, गॅसचा नाहीतर पाण्याचा, आणि दिवसभर थांबा. मी पहिल्या महिन्यात दोन्ही एकदम फिरवायचो आणि काय कशामुळे झालं ते मलाच कळायचं नाही.

टेक्ससकर

वॉचमनवालं पटलं. पाण्याच्या बाजूला काय लावलंय? मी साधा कॉक लावला होता ठिबकायला, तो आठवड्यात आतून चुन्याने बुजायचा, थेंब कमी, गॅस तेवढाच, मग आतलं पाणी आणखी आंबट. एकदा बुजलेला कॉक मोकळा करायला पाना लावला आणि कनेक्टर हातात आला, हॉलमधल्या गालिच्यावर खारं पाणी. गालिचा गेला, त्यानंतर घरात रिॲक्टरचा उल्लेख "तुमचं ते" असा होतो.

खारंपाणी

पेरिस्टाल्टिक पंप लावा, डायलिसिसच्या मशीनला असतो तसा, रोलरने नळी दाबत पुढे ढकलतो. बाहेर पडणाऱ्या बाजूला लावायचा, म्हणजे तो रिॲक्टरमधून ओढतो, आणि बुजायला अरुंद जागाच उरत नाही. आतली नळी झिजते तेवढी वर्षाला बदलायची. रेग्युलेटरनंतर पैसे घालायची दुसरी जागा हीच.

सोडाबाटली

आता हात शिवशिवतायत. पुण्यात खाऱ्या पाण्याची टाकी लावून हे करावं म्हणतो. कोरल मिळतात का इकडे, कोणी सांगेल का? एका दुकानदाराने "मागवून देतो" सांगितलंय.

निवळी

नका मागवू. २००१ पासून रीफ (प्रवाळखडक) बांधणारे सगळे कडक कोरल वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, त्यांच्यासोबत काळे कोरल, फायर कोरल, सी-फॅन. म्हणजे संरक्षण वाघाच्या रांगेतलं. मेलेला सांगाडा शोभेला ठेवणंसुद्धा त्यात येतं, त्यामुळे मीडिया म्हणूनही किनाऱ्यावरचं कोरल उचलू नका. धागाकर्त्यांकडे टाकीत वाढवलेल्या तुकड्यांची देवाणघेवाण चालते, त्यांचं गणित वेगळं. आपल्याकडे "मागवून देतो" म्हणणारा कुठून आणणार ते विचारून बघा, उत्तर मिळणार नाही.

मालवणी_बांगडो

ह्यां खरां हां. आमच्याकडे मालवणाक १९८७ पासून सागरी अभयारण्य आसा, किल्ल्याच्या बाजूक स्नॉर्कलिंग करताना कोरल दिसतंत. टाकी कित्याक व्हयी, पाण्यात तोंड घाल आणि बघ. अन विजयदुर्गाच्या समोर खोल समुद्रात शंभरेक किलोमीटरार आंग्रिया बँक, कान्होजी आंग्र्यांच्या नावान, थंय तर अख्खो रीफच आसा पाण्याखाली. थंय कोण चुनो घालूक येणा नाय.

सोडाबाटली

बरं बरं, झाडंच बरी माझी. पण मासे आणि मृत दगडवाली खारी टाकी तरी लावीन.

खारंपाणी

लावा, क्लाउनफिश ठेवा, त्याला रिॲक्टर लागत नाही आणि झोप लागते.

अपडेट (पाच आठवड्यांनी): निवळीताईंच्या सांगण्यावरून १० इंची आरओ हाउसिंगमध्ये ॲरागोनाइट भरून दुसरा टप्पा जोडला. पहिल्यातून निघणारं पाणी ६.६, दुसऱ्यातून ७.० च्या जरा वर. बाहेर पडणारं डीकेएच २५ चं २९ झालं, म्हणून पाणी मिनिटाला ३३ मिलीवर आणलं आणि गॅस पण कमी केला. टाकी पहाटे ७.९५, गेल्या दोन वर्षांत पहाटेचा एवढा कधी बघितला नव्हता. अल्कलिनिटी पाच आठवडे ८.१ ते ८.४ च्या मध्ये. सिलिंडर रोज ११ ग्रॅमने हलका होतोय, आधी १५ ने होत होता. ताईंच्या हिशोबातलं ८ अजून दूर आहे, एक सांधा संशयित आहे, आज रात्री भट्टी बंद झाली की साबण घेऊन बसणार.

निवळी

११ चांगलं आहे. काही गॅस जाणारच. साबणाआधी एनआरव्ही बघा.

मालवणी_बांगडो

माझो पण अपडेट. तिसऱ्याची एक शिंप सोड्याच्या बाटलेत घालून बूच लावून ठेवलंय चार दिवस. वरची चकाकी गेली, खडूसारखी पांढरी पडली, नखान खरवडली तर पिठी लागता. मगे धीर नाय धरवलो, दुसरी व्हिनेगरात टाकलंय, ती फसफसून अर्धी झाली. आवस इचारता लोणच्याचो व्हिनेगर खंय गेलो. काय सांगू?

खारंपाणी

सायन्स प्रोजेक्ट म्हणून सांग.